बेटावरचे हवामान केंद्र : तुलनेच्या आठवड्याच्या नोंदी

रविवार, ११ मे : मांडणी

बेट मुख्य किनाऱ्यापासून सव्वातीन किलोमीटर पश्चिमेला. लांबी सव्वा किलोमीटर. पश्चिम अंगाला १८ मीटरचा उभा कडा, पूर्वेला सौम्य उतार आणि त्याच्या पायथ्याशी धक्का. कड्यापलीकडे मोकळा समुद्र. उत्तर गोलार्ध, मध्य अक्षांश. मे महिन्यात जमीन तापू लागलेली असते, पाणी मात्र ११ अंशांच्या आतच. खारे वारे, वादळ आणि धुके एकाच आठवड्यात भेटावेत असा हा काळ, म्हणून तुलनेसाठी हाच निवडला.

हेतू एवढाच : स्वयंचलित उपकरणे आणि हाताने वाचायची उपकरणे शेजारी चालवायची आणि कुठल्या हवेत कुठल्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा ते ठरवायचे. बेटावर प्रत्येक आकड्यात तीन गोष्टी मिसळलेल्या असतात : आकाश, समुद्र आणि खुद्द बेट. त्या वेगळ्या करता आल्या नाहीत तर नोंदवही नुसती भरत जाते, तिचा उपयोग होत नाही.

वारा मोजायचा मनोरा १० मीटरचा, माथ्यावर कपांचा वेगमापक आणि दिशादर्शक, ६० मिमी अ‍ॅल्युमिनियम नळीचे तीन तुकडे. ताणाच्या तारा दोन पातळ्यांवर, प्रत्येक पातळीला तीन, एकमेकींपासून १२० अंशांवर. तार ३१६ ग्रेड स्टेनलेस, ४ मिमी. ३०४ ग्रेड इथे घेऊ नये, खाऱ्या फवाऱ्यात त्यावर लवकरच तपकिरी ठिपके पडतात आणि आतून खड्डे होतात. खडकात एम-१२ आयबोल्टसाठी १४ मिमी व्यासाची, ११० मिमी खोल भोके पाडून त्यात रासायनिक अँकर (घट्ट होणारे रेझिन) भरले. भोक फुंकायचे, ब्रशने घासायचे, पुन्हा फुंकायचे. आत भुकटी राहिली की रेझिन खडकाला न चिकटता भुकटीला चिकटते आणि पहिल्या जोरदार वाऱ्यात बोल्ट अख्खा बाहेर येतो. तारेचे दुमडलेले टोक धरणाऱ्या यू-क्लिपची खोगीर बाजू ताण घेणाऱ्या तारेवर आणि यू बोल्ट मोकळ्या टोकावर. उलट बसवले तर यू बोल्ट ताणाची तारच चेपतो. टर्नबकल (तारेचा ताण कमी-जास्त करायचे स्क्रू) आवळून झाल्यावर त्यातून बारीक तार ओवून बांधून टाकली, म्हणजे थरथरीने ते उलगडत नाहीत. स्टेनलेस बोल्ट जिथे अ‍ॅल्युमिनियमला टेकतो तिथे नायलॉनचे वॉशर आणि ग्रीस. हे केले नाही तर दोन धातूंमधल्या खाऱ्या ओलाव्यात अ‍ॅल्युमिनियम झिजते आणि पांढरी पूड सुटू लागते.

दिशादर्शक खऱ्या उत्तरेला लावला. होकायंत्र मनोऱ्याजवळ वापरले नाही, आजूबाजूच्या लोखंडी सामानाने सुई हलते. किनाऱ्यावरच्या दीपगृहाची दिशा नकाशावर ०८४ अंश (खरी) आहे, तिकडे नेम धरून बाण पक्का केला.

पर्जन्यमापक तीन. टिपिंग बकेट (ठरावीक पाणी भरले की उलटणाऱ्या बादलीचा मापक, तोंड २०० मिमी, एक टीप ०.२ मिमी) जमिनीपासून ३० सेंमीवर. दुसरा हाताने मोजायचा, खड्ड्यात, तोंड जमिनीच्या पातळीला आणि भोवती शिंतोडे अडवणारी जाळी. तिसरा झोपडीच्या छपरावर आधीपासून होता, तो मुद्दाम तसाच ठेवला. खड्ड्याला ५० मिमी नळीने उताराकडे निचरा दिला आहे, कारण खडकावर माती जेमतेम असते आणि निचरा नसेल तर खड्डा भरून मापक तरंगतो.

टिपिंग बकेटचे कॅलिब्रेशन : २०० मिमी तोंडाचे क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंमी, म्हणून ३१४ मिली पाणी म्हणजे १० मिमी पाऊस, म्हणजे ५० टिपा. पाणी सलाईनच्या नळीतून अर्ध्या तासात थेंबथेंब सोडले (ताशी २० मिमीचा वेग). ४९ टिपा पडल्या. फरक २ टक्के, स्क्रूला हात लावला नाही. पाणी एकदम ओतून चाचणी घेऊ नये. बादली उलटत असतानाही पाणी भरल्याच बादलीत पडत राहते आणि तेवढे मोजणीतून निसटते.

वायुभारमापक झोपडीत, समुद्रसपाटीपासून २४ मीटरवर. या उंचीला दर ८.२ मीटर चढले की दाब सुमारे १ हेक्टोपास्कल (दाबाचे एकक) उतरतो, म्हणून प्रत्येक वाचनात २.९ मिळवायचे. यापुढे सगळे आकडे समुद्रसपाटीचे.

सोमवार, १२ मे : खारे आणि मतलई वारे

दाब १०२३, जवळपास स्थिर. आकाश निरभ्र. पौर्णिमा.

रात्रभर पूर्वेकडून ४ नॉटचा (१ नॉट म्हणजे ताशी १.८५ किमी) मतलई वारा. ९ वाजता पडला. १० वाजून २० मिनिटांनी पश्चिमेकडून पहिली झुळूक, दुपारी ३ ला १४ नॉट. संध्याकाळी ६ पर्यंत दिशा वायव्येला सरकलेली. पृथ्वीच्या फिरण्याने उत्तर गोलार्धात खारा वारा दिवसभरात असा उजवीकडे वळत जातो, हवा बदलल्याची ती खूण नव्हे. खूण कुठली मानायची : खारा वारा दुपारी चारपर्यंत आलाच नाही किंवा सूर्यास्तानंतरही पडला नाही, तर मोठ्या प्रणालीचा वारा त्यावर स्वार झाला आहे असे धरावे.

एवढ्याशा बेटाला स्वतःचा खारा वारा नसतो. जो वाहतो तो मुख्य भूमीचा, बेट फक्त त्याच्या वाटेत आहे. म्हणून किनाऱ्यामागे पांढऱ्या ढगांची रांग उभी होती आणि इथे दिवसभर ऊन. तापमान १०.३० नंतर १४.६ अंशांवर अडून बसले. वारा पाण्यावरून येत असेतोवर इथले कमाल तापमान समुद्रच ठरवतो.

पश्चिमेचा वारा मिळालाच म्हणून कड्याची परीक्षा घेतली. मनोरा कड्याच्या काठापासून ४० मीटर आत आहे. एका काठीला दर मीटरवर ३० सेंमी लांबीच्या हलक्या फिती बांधून ती मनोऱ्याशेजारी उभी केली. १ आणि २ मीटरवरच्या फिती मधूनच उलट्या, समुद्राकडे फडकत होत्या. ३ व ४ मीटरवर नुसती तडफड. ५ मीटरच्या वर सगळ्या सरळ, किंचित वर कललेल्या. कड्यावर आदळलेली हवा काठापाशी सुटते आणि मागे भोवरा धरते, त्याची उंची या वाऱ्यात साडेचार मीटरच्या आसपास. अर्थ असा की पश्चिमेच्या वाऱ्यात मनोऱ्याजवळ हातातल्या मापकाने घेतलेले वाचन निरर्थक आहे. वरच्या कपांचा आकडा वापरता येईल, पण तोही थोडा जास्तच येणार, कारण कडा हवेला वेग देतो आणि तिरका प्रवाह कप जरा जास्तच मोजतात.

हातातल्या मापकासाठी धक्क्याच्या दक्षिणेचे उघडे टोक ठरवले. तिथले २ मीटरवरचे वाचन १.२६ ने गुणायचे, की १० मीटरचा अंदाज मिळतो (उंचीच्या गुणोत्तराचा सातवा मूळघात). समुद्रावरून सरळ येणाऱ्या वाऱ्यालाच हा गुणक लागू. जमिनीवरून आलेल्या वाऱ्याला नाही.

मंगळवार, १३ मे : इशारे

दाब : ०६.०० ला १०२०.८, १२.०० ला १०१८.५, १८.०० ला १०१४.६, २१.०० ला १०१२.०.

सकाळी वारा अजून धड नव्हता, पण ७ वाजता पश्चिमेकडून लांब, गुळगुळीत लाटा यायला लागल्या. एका खडकावर दहा शेंडे मोजायला १४० सेकंद, म्हणजे आवर्तन १४ सेकंद. आवर्तनाला ०.७८ ने गुणले की लाटांचा समूह सेकंदाला किती मीटर पुढे सरकतो ते मिळते : १०.९ मीटर, म्हणजे सुमारे २१ नॉट, दिवसाला ९४० किलोमीटर. वादळ स्वतः इथे पोचेल की नाही हे लाटा सांगत नाहीत. पण एवढ्या आवर्तनाच्या लाटा उठवणारा वारा दूर कुठेतरी बराच वेळ, बऱ्याच मोठ्या पट्ट्यावर वाहतो आहे, हे त्या खात्रीने सांगतात.

यात धक्क्याला धोका असतो. वारा मागून आला की पूर्वेची बाजू आडोशाची, हे लहान लाटांपुरते खरे. १४ सेकंदांच्या लाटेची लांबी खोल पाण्यात ३०० मीटरच्या वर असते आणि दीडशे मीटर खोलीपासूनच तिला तळ जाणवतो. ती बेटाला वळसा घालून दोन्ही टोकांनी धक्क्याशी येते आणि तिथे आपल्याच दुसऱ्या हाताला भेटते. होडी मिनिटभर शांत, मग अचानक दीड मीटर वर. म्हणून बॅटऱ्या आणि पाण्याचे कॅन ११ च्या आत उतरवून घेतले आणि होडी परत पाठवली.

१० वाजता उंचावर सिरस या पिसांसारख्या ढगांचे तंतू, पश्चिमेकडून येणारे. दुपारी आकाशावर दुधी पडदा आणि सूर्याला खळे. हात लांब करून विती पसरली तर सूर्यापासून खळ्यापर्यंत साधारण एक वीत, म्हणजे २२ अंशांचे नेहमीचे बर्फकणांचे खळे. एकट्या खळ्यावरून पाऊस सांगू नये. खळे, उतरता दाब आणि खाली दक्षिणेला फिरलेला वारा असे तिन्ही एकत्र आले तर सांगावा. आज तिन्ही होते. दक्षिणेच्या वाऱ्याला पाठ करून उभे राहिले तर वरचे ढग डावीकडून येत होते, हवा बिघडण्याची ही जुनी आणि भरवशाची कसोटी. बाइस बॅलट यांच्या १८५७ च्या नियमाप्रमाणेही, उत्तर गोलार्धात वाऱ्याला पाठ केली की कमी दाब डाव्या हाताला.

दाबाबद्दल एक सूचना, उष्ण कटिबंधातल्या बेटांवर काम करणाऱ्यांसाठी. तिथे दाब रोज सकाळी १० च्या सुमारास चढतो आणि दुपारी ४ च्या सुमारास उतरतो. हा फरक २ ते ३ हेक्टोपास्कलचा असतो. तो वादळाचा नव्हे. तिथे आजचा ४ चा आकडा कालच्या ४ च्या आकड्याशीच ताडायचा. इथल्या अक्षांशावर ही लय एवढी क्षीण की थेट तीन तासांची घट पाहिली तरी चालते. १८ ते २१ मधली २.६ ची घट आणि तीही वाढत जाणारी, म्हणून रात्रीच तयारी : झोपडीची पश्चिम खिडकी फळीने बंद, सुटे सामान आत, लॉगरच्या (आपोआप नोंद ठेवणाऱ्या यंत्राच्या) दोन नोंदींमधला वेळ १० मिनिटांवरून १ मिनिटावर.

बुधवार, १४ मे : वादळ

०४.०० : दाब १००४.६. पाऊस सुरू. वारा दक्षिण, १८ नॉट.

१०.०० : ९९८.४. दक्षिण ३० नॉट, क्षणिक झोत ३९. पाऊस संथ, ताशी दोन मिमीच्या आत. समुद्रावर फेसाचे पट्टे वाऱ्याच्या दिशेने ओढले जाऊ लागलेले. वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या ब्यूफोर्ट मापपट्टीवर ७ चे हे लक्षण, आणि २८ ते ३३ नॉटच्या पट्टीत मनोऱ्याचा आकडा नीट बसतो. समुद्राकडे पाहून केलेला अंदाज हा कुठलाही सुटा भाग नसलेला मापक आहे, तो रोज नोंदवावा. फक्त वारा नुकताच वाढला असेल तर समुद्र मागे असतो, आणि भरतीचा प्रवाह वाऱ्याच्या विरुद्ध असेल तर लाटा आखूड व उभ्या होऊन वारा आहे त्याहून जोराचा वाटतो.

१३.३० : उष्ण आघाडी (जिच्यामागून ऊबदार हवा येते ती सीमा) गेली. वारा दक्षिणेकडून नैर्ऋत्येला, तापमान ९.८ वरून १२.६, पावसाची भुरभुर झाली, ढग टेकडीच्या माथ्याला टेकले. दाब ९९४.९, घट मंदावली. इथे नेहमी फसगत होते : पाऊस थांबल्यासारखा वाटतो, हवा ऊबदार होते आणि वादळ सरले असे मानून कोणी तरी धक्क्याकडे निघते. दाब चढत नाही तोवर काहीही सरलेले नसते.

दाबाच्या आकड्यातच आज कंप होता. मिनिटामिनिटाला ०.५ ते १.२ हेक्टोपास्कल वर-खाली. उपकरण बिघडलेले नाही. २० मीटर प्रति सेकंद वाऱ्याचा स्वतःचा दाब सुमारे २४५ पास्कल, म्हणजे जवळजवळ अडीच हेक्टोपास्कल असतो. झोपडीच्या फटींवरून असा वारा गेला की आतली हवा ओढली किंवा ढकलली जाते. वाऱ्याकडचे दार उघडले तर आकडा उडी मारून वर जातो आणि आडोशाचे उघडले तर खाली. दोन्ही बंद ठेवून १० मिनिटांची सरासरी घेतली. यावर खरा उपाय म्हणजे उपकरणाला नळी लावून ती बाहेर स्थिरदाब तोंडाला (वाऱ्याची ढकल-ओढ आत न पोचू देणाऱ्या तोंडाला) जोडणे.

१८.५० : भरती. पौर्णिमेनंतरचे उधाण, तक्त्याप्रमाणे ४.९ मीटर. धक्क्याच्या पट्टीवर ५.२. लाटांनी पट्टी वाचता येत नाही, म्हणून वाचन तळाशी बारीक भोक असलेल्या उभ्या नळीत घेतले. आत पाणी सावकाश चढते-उतरते आणि लाटांची धडक आत पोचत नाही. जादा ३० सेंमीपैकी दाबाचा हिशेब सोपा : १ हेक्टोपास्कल कमी म्हणजे पाणी सुमारे १ सेंमी वर. दाब तेव्हा ९९३.०, सरासरी १०१३ पासून २० कमी, म्हणून २० सेंमी. उरलेले १० वाऱ्याने लोटलेले. लहान बेटापाशी पाणी साचत नाही, बाजूने निघून जाते. सरळ, उथळ किनाऱ्यावर हाच वारा याहून बरेच पाणी चढवतो, म्हणून इथला आकडा मुख्य किनाऱ्याच्या इशाऱ्यासाठी जसाच्या तसा देऊ नये.

१९.४० : शीत आघाडी (जिच्यामागून थंड हवा येते ती सीमा). पश्चिमेकडे काळी कड, तिच्याखाली उजळ पट्टा. सात मिनिटांत वारा नैर्ऋत्येकडून वायव्येला. झोत ५२ नॉट. तापमान १२.४ वरून ८.१. १२ मिनिटांत ४.२ मिमी. दाब ९९२.४ ला तळ गाठून तासाभरात ३.१ वर.

एक मिनिटाची नोंद ठेवल्याचा फायदा इथे दिसला. १० मिनिटांच्या सरासरीत या वेळेचा वारा 'पश्चिम' असा येतो. पश्चिमेचा वारा तेव्हा क्षणभरच वाहिला. नैर्ऋत्य आणि वायव्य यांची ती सरासरी आहे. दिशेची सरासरी घेताना अंशांची नुसती बेरीज-भागाकार तर कधीच करू नये : ३५० आणि १० यांची सरासरी १८० निघते, म्हणजे उत्तरेचा वारा दक्षिणेचा होतो. प्रत्येक वाचनाचे पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण घटक काढून त्यांची सरासरी घ्यायची आणि मग दिशा काढायची.

गुरुवार, १५ मे : सरी आणि मीठ

दाब १००१ वरून १०१२. वारा वायव्य २२, झोत ३६. दिवसभर सरी, मध्ये लख्ख ऊन.

सरी रात्रीही तेवढ्याच होत्या. ७ अंशांची थंड हवा जवळपास ११ अंशांच्या पाण्यावरून येते आणि खालून तापते. पाणी रात्री थंडावत नसल्याने समुद्रावरच्या सरींना दिवस-रात्र सारखीच. मुख्य भूमीवरच्या सरी मात्र दुपारी जोर धरतात आणि सूर्यास्ताला विरतात. किनाऱ्याचा अंदाज बेटाला लावताना हा फरक विसरला जातो.

०९.०० ला पाऊस मोजला. बुधवार पहाटेपासून : खड्ड्यातला मापक २३.६ मिमी, टिपिंग बकेट २१.४, छपरावरचा १५.८. एकाच पावसाचे तीन आकडे. मापकाच्या तोंडावरून वारा उचलला जातो आणि बारीक थेंब त्याच्याबरोबर निघून जातात. उंची वाढली की वारा वाढतो, तूट वाढते. टिपिंग बकेट वेगाला कमी पडली असावी ही शंका टिकत नाही : सर्वात जोराची सर ताशी २१ मिमीची होती आणि कॅलिब्रेशन ताशी २० वरच केले आहे. तूट वाऱ्याचीच. छपरावरच्या मापकाचा एकतृतीयांश पाऊस हरवला.

पण खड्ड्यातला आकडाही पूर्ण पावसाचा नाही. त्या पाण्याची विद्युतवाहकता मोजली : सेंटिमीटरला १५०० मायक्रोसीमेन्स. निव्वळ पावसाची काही दहांत असते, समुद्राची ५०,००० च्या आसपास. म्हणजे सुमारे ३ टक्के पाणी कड्यावरून उडालेल्या फवाऱ्याचे, ०.७ मिमी. दुरुस्त पाऊस २२.९. वादळानंतर ही चाचणी दोन मिनिटांत होते आणि ती न करता बेटाच्या पावसाचा आकडा पुढे पाठवू नये.

१४.१० ला गारांची सर. गारा नरसाळ्यात अडकल्या आणि वितळून १४.३५ पर्यंत टिपा पाडत राहिल्या. तेव्हा आकाश निळे होते. नोंदीत वेळ दुरुस्त केली, आणि काही गारा उसळून बाहेर गेल्याने बेरीज कमीच आहे असा शेरा लिहिला.

ताणाच्या तारा सैलावल्या आहेत, तीन टर्नबकलना प्रत्येकी दीड-दोन फेरे लागले. नवी तार पहिल्या मोठ्या ताणात थोडी लांबतेच, तिचे पीळ एकमेकांत बसतात. अँकर जागचे हललेले नाहीत : खुणेची रंगरेघ बोल्ट आणि खडक दोन्हींवर जुळते. खुणेची ही रेघ नसेल तर तार लांबली की बोल्ट सरकला ते कळत नाही.

शुक्रवार, १६ मे : देखभाल

दाब १०१६, चढता. सकाळी वारा ३ ते ५ नॉट. ऊन.

आर्द्रता संवेदक ८४ टक्के दाखवतो. फिरत्या आर्द्रतामापकाने ताडले : अर्धा मिनिट फिरवून आधी ओला (भिजल्या वातीचा) तापमापक वाचला (तो थांबताच चढू लागतो), मग कोरडा. कोरडा १३.०, ओला १०.४. ओल्या तापमानाचा संपृक्त बाष्पदाब (त्या तापमानाला हवेत मावणाऱ्या जास्तीत जास्त बाष्पाचा दाब) १२.६ हेक्टोपास्कल, त्यातून ०.०००६६ × १०१६ × २.६ म्हणजे १.७ वजा, उरले १०.९. १३ अंशांचा संपृक्त दाब १५.०. गुणोत्तर ७३ टक्के. संवेदक ११ ने वर.

कारण मीठ. सुमारे ७५ टक्क्यांच्या वर साधे मीठ हवेतला ओलावा ओढून विरघळते, आणि समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असल्याने ते त्याहून कोरड्या हवेतही चिकट राहते. संवेदकाच्या जाळीवर बसलेला थर स्वतःचीच आर्द्रता त्याला दाखवतो. जाळीची टोपी काढून ऊर्ध्वपातित पाण्यात तीनदा खळबळली, सावलीत वाळवली, संवेदकाच्या पट्टीवर त्याच पाण्याचे दोन थेंब सोडले. स्पिरिट नाही, कापूस नाही, फुंकर नाही. दोन तासांनी ७४.

ओल्या तापमापकाची वातही बदलली. खारावलेल्या वातीवरून पाणी कमी उडते, ती कमी थंडावते आणि आर्द्रता जास्त निघते. त्यामुळे घाण संवेदक आणि घाण वात यांची चूक एकाच बाजूला जाते. दोघे जुळले म्हणून दोघेही बरोबर असे समजू नये. वादळानंतर आधी वात बदलायची, मगच तुलना.

कपांचा वेगमापक शांत हवेत १.२ मीटर प्रति सेकंदाखाली फिरतच नाही, रविवारी ०.५ ला फिरत होता. कडेच्या बेअरिंगमध्ये मिठाची कुरकुर. मनोरा वाकवून खाली घेतला (दोघे दोरावर, एक तळाशी), बेअरिंग बदलले. धुऊन पुन्हा वापरलेले बेअरिंग थोड्याच दिवसांत पुन्हा अडते. मोठ्या वाऱ्यात ही चूक दिसत नाही, शांत रात्रींची मात्र खोटी 'निर्वात' नोंद होते आणि मतलई वारा नोंदीतून गायब होतो.

केबल ग्लँड (केबल पेटीत शिरते तिथली जलरोधक तोंडे) खाली तोंड करून आहेत आणि प्रत्येक केबलला पेटीत शिरण्याआधी खाली झोळ दिला आहे, म्हणजे ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी टपकते. तरीही लॉगरच्या पेटीतले सिलिका जेल ओलाव्याने गुलाबी झाले होते. ते बदलून जुने भट्टीत निळे होईपर्यंत वाळवायला ठेवले. सौर पॅनेलवर मिठाचा धूसर थर, गोड्या पाण्याने धुतला. बॅटरी १२ व्होल्ट १८ अँपिअर-तास, विश्रांतीत १२.६. रोजचा खर्च १.१ अँपिअर-तास. निम्म्याखाली उतरवायची नाही असे धरून ऊन नसले तरी आठ दिवस पुरते.

१४.०० ला वारा २ नॉट. स्टीव्हन्सन पेटीत (तापमापक ठेवायच्या झरोक्यांच्या पेटीत) १६.८, फिरत्या तापमापकावर १५.६. पेटीतून हवा खेळली नाही की तिच्या फळ्यांची ऊब आत साठते. दार उत्तरेला आहे, रंग पांढरा आहे, तरी वाऱ्याशिवाय हा फरक राहणारच. वारा २ नॉटच्या आत आणि ऊन असेल तर कमाल तापमानाला शेरा द्यायचा.

संध्याकाळी वारा नैर्ऋत्येला. दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे पाणी होऊ लागते तो) ८.५ वरून २२.०० पर्यंत ११.२. बादलीने काढलेल्या पाण्याचे तापमान १०.८. दवबिंदू पाण्याच्या तापमानावर गेला. उद्या धुके. होडीला दुपारच्या आत येऊ नका असा निरोप दिला.

शनिवार, १७ मे : धुके

०५.२० पासून धुके, वारा नैर्ऋत्य १२ नॉट. हवा १३.४, दवबिंदू १२.९. एवढ्या वाऱ्यात धुके टिकते कसे असे वाटेल. जमिनीवरचे, रात्री हवा थंडावून पडणारे धुके वाऱ्याने मोडते. हे मात्र ऊबदार दमट हवा थंड पाण्यावर सरकून होते आणि वारा तर त्याला नवी हवा पुरवतो. सूर्य चढला की जाईल हा हिशेब इथे लागू नाही. हवाच बदलावी लागते.

दृश्यमानता अंतरे ठाऊक असलेल्या खुणांवरून : धक्क्याचा दिवा १८० मीटर, दिसतो. उत्तरेचा खडक ६०० मीटर, दिसत नाही. रात्री दिव्यावरून अंतर ठरवू नये, दिवा तेवढ्याच धुक्यात वस्तूपेक्षा बराच लांबून दिसतो. साडेअकराला बेटाच्या मध्यावर धुके उचलले जाऊन त्याचा, तळ ४० मीटरवर असलेला, ढग झाला, बेटाच्या काठावर मात्र तसेच दाट. तापलेल्या जमिनीचे हे काम. झोपडीतून पाहणाऱ्याला 'धुके विरले' वाटते, होडीवाल्याला ते विरलेले नसते. म्हणून दृश्यमानता धक्क्यावरून घ्यायची.

०६.१०, ०८.५० आणि ११.०५ ला एकेक टीप. पाऊस नव्हता. नरसाळ्याच्या भिंतीवर धुक्याचे कण जमून ओघळले. ०.६ मिमी 'धुक्याचे पाणी' असे वेगळे लिहिले.

रविवार, १८ मे : तुलनेचा निकाल

०९.४० ला वारा वायव्येला, दवबिंदू १२.६ वरून ७.९, वीस मिनिटांत धुके साफ. उन्हात पहिला पाऊण तास तापमान संवेदक फिरत्या तापमापकापेक्षा ०.७ कमी दाखवत होता. भिजलेला संवेदक वाळेपर्यंत ओल्या तापमापकासारखाच वागतो. धुक्यानंतरच्या पहिल्या तासाचे तापमान आणि आर्द्रता दोन्ही कच्ची धरायची.

छपरावरचा पर्जन्यमापक काढला. त्याच्या जुन्या नोंदींना एकच गुणक लावता येणार नाही, कारण तूट वाऱ्याप्रमाणे बदलते : बुधवारच्या वादळात ३३ टक्के, गुरुवारच्या सरींत २१. वाऱ्याच्या गटांप्रमाणे वेगळे गुणक काढावे लागतील आणि त्यासाठी खड्ड्यातल्या मापकाबरोबर निदान वर्षभराच्या जोडनोंदी हव्यात. तोवर जुने आकडे दुरुस्त न करता 'छप्पर' असा शेरा मारून ठेवायचे. टिपिंग बकेट वेळेसाठी, खड्डा बेरजेसाठी.

वाऱ्याच्या नोंदीत २२५ ते ३१५ अंशांमधल्या प्रत्येक वाचनाला 'कडा' असा शेरा आपोआप लागेल अशी सोय लॉगरमध्ये केली. तो वेग खोडायचा नाही, धक्क्याच्या टोकाच्या वाचनांशी जुळवत राहायचा. एक मिनिटाची नोंद कायम ठेवली. साठा पुरतो, वीज फारशी जास्त जात नाही.

दाब सर्वात भरवशाचा ठरला, पण ३० नॉटच्या वर तोही १ हेक्टोपास्कलने हलतो. स्थिरदाब तोंड आणि ८ मिमीची नळी मागवली आहे. नळीला झोळ देऊन तळाशी पाणी निघायला बारीक भोक ठेवायचे, पण ते पेटीच्या आत, बाहेर ठेवले तर त्यातूनच वारा शिरेल.

वेळापत्रकात बदल : आर्द्रता संवेदक धुणे 'महिन्यातून एकदा' ऐवजी 'समुद्राकडून ३० नॉटच्या वर वारा झाल्यावर ४८ तासांत, नाहीतर महिन्यातून एकदा'. वात दर आठवड्याला. उधाण ओसरून भांगाकडे (सर्वात लहान भरती-ओहोटीकडे) चालले आहे, प्रवाह मंद आहे. मंगळवारी सकाळच्या ओहोटीला होडी लावून उरलेले सामान उतरवायचे : बेअरिंगचे दोन जोड, ऊर्ध्वपातित पाणी ५ लिटर, सिलिका जेल १ किलो, नायलॉन वॉशर आणि खड्ड्याच्या जाळीचा तुटलेला कोपरा बदलायला पट्टी.